धूप पिणारी गुझी

अभिमन नानांना जगात एकच गाडी पसंत होती आणि ती सुरू होत नव्हती.

बाकीच्या सगळ्या सुरू होत होत्या, हाच बहुधा त्यांचा गुन्हा. धुळ्यात पांझरेचा पूल ओलांडून देवपुरात शिरलं की डाव्या हाताच्या गल्लीत नानांचं घर, घराला चिकटून पत्र्याची खोली आणि खोलीच्या दाराशी उलट्या डब्यावर बसलेले नाना. गल्लीतून जाणाऱ्या प्रत्येक गाडीला त्या डब्यासमोरून शिव्या खाऊनच पुढे जावं लागे. राजदूत आली की, "आली दुधाची किटली." बुलेट आली की, "वरातीतला ढोल. वरून आवाज, आत हवा." लूनाला ते गाडीत धरतच नसत. "सायकलला ताप आलाय," एवढं बोलून तोंड फिरवत. दीपनगरच्या वीज केंद्रात नोकरीला असलेले जावई एका दिवाळीला नवी कोरी हिरो होंडा घेऊन आले. मोठ्या हौशीने म्हणाले, "मामा, शंभर किलोमीटर न थांबता आलो." नानांनी गाडीभोवती एक फेरी मारली, सीटवरून बोट ओढलं, बोटाकडे बघितलं.

"छान आहे हो शिवणयंत्र. आलाच आहात तर आमच्या हिची दोन पोलकी शिवून द्या."

जावई हसले. मुलगी सुमन हसली नाही. पुढच्या दिवाळीला दोघं एसटीने आले.

नाना कापसाच्या एका जिनिंग कारखान्यात फिटर होते. वय बावन्न, खाकी अर्धी विजार, कानावर पेन्सिल. या पेन्सिलीने त्यांना कधी काही लिहिताना कुणी बघितलं नाही. ती दुसऱ्यांच्या चुका दाखवायला होती. हात मात्र चांगला. ते नाकारून चालायचं नाही. एका डॉक्टरांची आणि दोन निवृत्त मास्तरांची अशा तीन लॅम्ब्रेटा ते सांभाळत. पन्नास-पंचावन्न सालच्या, थेट इटलीहून आलेल्या. इथे बनलेली असेल तर नाना तिला हातही लावत नसत. या तीन म्हाताऱ्या स्कूटरी त्यांनी अशा ठेवल्या होत्या की अर्ध्या किकेत सुरू व्हाव्यात. पण गाडी परत नेताना मालकाला चार शब्द पदरात घालून घ्यावेच लागत.

"नाना, ब्रेक जरा कमी लागतोय का?" एक मास्तर घाबरत विचारत.

"ब्रेक बरोबर लागतो, मास्तर. तुम्हाला दाबता येत नाही. जन्मभर खडू धरला, पायाला सवय कुठली?"

"पण सर्व्हिसिंगनंतर..."

"इटलीवाल्याने विचार करून बनवलंय. तुम्ही विचार करू नका."

इटलीवाला हा नानांचा परमेश्वर. त्याचं नाव-गाव त्यांना ठाऊक नव्हतं. नाना स्वतः कधी सुरतेच्या पलीकडे गेले नव्हते, आणि सुरतेलाही गेले होते ते कुणाच्या तरी लग्नाला. पण वाद झाला की शेवटचा शब्द इटलीवाल्याचा, आणि इटलीवाल्याचा शब्द गल्लीला सांगणार नाना.

तर ती एक गाडी. मोटो गुझी. लाल रंग, टाकीवर पंख पसरलेला गरुड. गल्लीतल्या बाया त्याला गिधाड म्हणत. पाचशे सीसीचं इंजिन इतर गाड्यांसारखं उभं नाही, पुढच्या चाकाकडे तोंड करून आडवं झोपलेलं. आणि डाव्या अंगाला, पार बाहेर, भाकरीच्या तव्याएवढं फ्लायव्हील. बाकीच्या गाड्या जे चाक पोटात लपवतात, ते हिने कमरेला बांधून मिरवलेलं.

सत्तावन्न साली अमळनेरच्या एका तेलगिरणीत यंत्रं बसवायला एक इटालियन माणूस आला होता. दोन वर्षं राहिला, ही गाडी फिरवली आणि जाताना इथेच टाकून गेला. गिरणीतल्या कुणालाच ती चालवता येईना, म्हणून त्यांनी तिची पूजा सुरू केली. आपल्याकडे ही सोय आहेच. दर खंडेनवमीला गिरणीतली सगळी यंत्रं, पाने, हातोडे पुजायचे, त्यात ही गाडीही. ते बाहेरचं गोल चाक बघून कुणीतरी त्याला तेल-शेंदूर लावला. पुढच्या वर्षी दुसऱ्याने लावला. असे पंचवीस थर चढले. कुणा हौशी माणसाने त्यावर चांदीचे दोन डोळे बसवले. फ्लायव्हीलचा साक्षात मारुती झाला.

गिरणी बंद पडली, भंगार विकलं गेलं आणि ही गाडी अमळनेरच्या केवलचंद शेठकडे आली. शेठ कापसाचे व्यापारी. त्यांना गाडीतलं काही कळत नव्हतं, पण ती अख्ख्या खानदेशात दुसरी नाही एवढं कळत होतं. चौऱ्याऐंशी साली त्यांनी ती टेंपोत घालून नानांच्या दारात आणून उतरवली.

त्या दिवशी गल्ली गोळा झाली होती. नाना गाडीभोवती फिरत होते, नवरदेवाने होमाभोवती फिरावं तसे. तेवढ्यात त्यांची बायको भागाबाई चहाची किटली घेऊन बाहेर आली आणि तिथेच थबकली.

"अगो माय! ही तर इटालीसाहेबाची!"

भागाबाईचं माहेर अमळनेर. वडील त्याच गिरणीच्या फाटकावर पहारेकरी.

"हिचं हे चाक उलटं फिरे," ती आपल्या अहिराणीत म्हणाली. "मी मना डोयानी देखेल शे. डोळ्यांनी बघितलंय!"

नानांनी मान वर केली. समोर शेठ, मागे गल्ली, असा जमलेला फड ते वाया घालवणार थोडेच?

"उलटं? इंजिन उलटं फिरलं तर गाडी मागे जाईल ना, बाई! म्हणजे तुझा साहेब अमळनेरहून धुळ्याला निघाला की चोपड्याला पोचत असेल!"

गल्ली हसली. शेठही हसले. समोरच्या धुरपदाबाई तर तोंडाला पदर लावून हसल्या, आणि त्यांना चोपडा कुठल्या दिशेला आहे हेही माहीत नव्हतं.

"बरं," भागाबाई म्हणाली, किटली खाली ठेवली आणि आत गेली. त्या गाडीबद्दल सात वर्षं ती पुन्हा एक शब्द बोलली नाही.

आता गंमत बघा. दुसऱ्याच दिवशी नानांनी किक दाबली, तर चाक खरंच उलटं फिरलं. दुसरा कुणी असता तर उठून आत गेला असता आणि विचारलं असतं, काय गं, काय म्हणत होतीस? नाना आत गेले नाहीत. त्यांनी कानावरची पेन्सिल काढली आणि चाकाकडे रोखून म्हणाले, "गिरणीतल्या गाढवांनी किकमधली चाकी चुकीची बसवलीय." इटलीवाला चुकणं शक्य नव्हतं आणि बायको बरोबर असणं तर त्याहून शक्य नव्हतं. उरली गिरणी.

त्यांनी किकमधली जुनी दात्यांची चाकी काढून भंगाराच्या खोक्यात फेकली. तिच्या जागी बसवायला जळगावच्या एका लेथवाल्याकडून दोन चाक्या बनवून आणल्या, म्हणजे किक मारल्यावर इंजिन सुलटं फिरावं. पहिल्या नीट बसेनात, दुसऱ्या आणल्या. त्या झिजल्या, तिसऱ्या आणल्या. वर्षाने चाक एकदाचं सुलटं फिरू लागलं आणि नाना गल्लीत सांगत सुटले, "इटलीवाल्याचं काम होतं तसं करून ठेवलं."

त्यानंतर सहा वर्षं गुझी फक्त खोकली.

खोकली म्हणजे कशी? किक मारली की कार्बोरेटरमधून फस्सकन पेट्रोल थुंकायची. कधी ज्वाळा. एकदा नानांच्या अर्ध्या मिशा गेल्या; उरलेल्या अर्ध्या त्यांनी स्वतः काढल्या आणि म्हणाले, उन्हाळा आहे. त्यांनी प्लग बदलले, ठिणगी पाडणारा मॅग्नेटो पुन्हा गुंडाळला, व्हॉल्व्ह घासले. एकेक भाग असा चकचकीत केला की त्यात तोंड बघून दाढी करावी. एकाच गोष्टीला हात लावला नाही: त्या शेंदराला. किक मारली की चांदीचे डोळे घेऊन मारुती गरगर फिरे आणि थांबला की नानांकडे बघे.

"नाना, एवढी गाडी घासली, हा शेंदूर का ठेवला?" कुणी विचारलंच तर नाना गंभीरपणे म्हणत, "वजनाचा हिशेब आहे त्यात. तुला नाही कळायचा."

हिशेब एवढाच होता की नाना भीत होते. पोथीला हसणारे, बुवाला हसणारे, जावयाच्या सत्यनारायणाला हसणारे अभिमन नाना दर शनिवारी कुणी बघत नाही असं बघून नाक्यावरच्या मारुतीला तेल घालून येत. भागाबाईला हे ठाऊक होतं. तेलाची बाटली तीच भरत होती.

जावयांनी एकदा भीत भीत सुचवलं, "मामा, मुंबईला कुणाकडे तरी या गाडीचं पुस्तक असेल. झेरॉक्स मागवू का?"

"पुस्तकं बघून स्वयंपाक करतात, जावईबापू. नव्या सुना."

एक्क्याण्णव साल उजाडलं. पितृपक्षात एका दुपारी केवलचंद शेठ आले. उलट्या डब्यावर रुमाल पसरून बसले, पाणी प्याले आणि सरळ मुद्द्यावर आले.

"नाना, सात वर्षं झाली. मार्केटात लोक मला विचारतात, शेठ, तुमची गाडी इटलीला परत पोचली का? आता मला हसू येत नाही."

"घाईचं काम नाही हे, शेठ."

"घाई?" शेठ गाडीकडे बघत राहिले. "जळगावचा पुना मिस्त्री माहीत आहे ना?"

नानांनी तोंडात माशी गेल्यासारखं तोंड केलं. "पुना? राजदूतला स्कूटरचा कार्बोरेटर लावतो आणि स्कूटरला पिठाच्या गिरणीचा पट्टा. त्याच्या दुकानातून गाडी बाहेर पडते तेव्हा तिच्या आईने ओळखू नये!"

"पण बाहेर पडते, नाना. तुमच्याकडून पडत नाही."

पेन्सिल कानावरून काढून नानांनी पुन्हा कानावरच ठेवली.

"पुनाने शब्द दिलाय," शेठ म्हणाले. "पंधरा दिवसांत रस्त्यावर. हे इंजिन काढतो आणि दुसरं बसवतो म्हणाला."

"इंजिन काढतो?"

"हो. हे भंगारात."

नाना उभे राहिले. सात वर्षांत पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला. "शेठ, असं करू नका."

शेठ माणूस वाईट नव्हते. म्हणाले, "बोली करू. दसऱ्याला सकाळी मी येतो. गाडी सुरू झाली तर ती तुमच्याच खोलीत राहील, कायमची. मला वर्षातून एकदा, दसऱ्याला, मागे बसवून फिरवून आणा, बस. नाही झाली तर ती उचलून न्यायला पुनाची मॅटॅडोर बरोबर घेऊनच येतो."

शेठ गेले. नाना तासभर टाकीवरच्या गरुडावर हात ठेवून उभे होते. गल्लीतून एक लूना गेली. नाना काही बोलले नाहीत. धुरपदाबाई ओट्यावरून बघत होत्या, त्या आत जाऊन म्हणाल्या, "अभिमनचं काही खरं नाही."

पुढचे पंधरा दिवस नानांनी कारखान्यातून रजा घेतली. पुन्हा प्लग, पुन्हा मॅग्नेटो, पुन्हा व्हॉल्व्ह. गाडी थुंकत राहिली. खंडेनवमी उजाडली. उद्या दसरा.

सकाळी भागाबाई पूजेचं ताट घेऊन पत्र्याच्या खोलीत आली. पाने, पकडी, हातोडे ओळीने मांडले, हळद-कुंकू वाहिलं, झेंडू ठेवले. गाडीच्या मागे, सायलेन्सरच्या तोंडाशी धुपाटणं ठेवलं. धूर वर चढू लागला.

"हात जोडा," ती म्हणाली.

"जोडतो. एकदा मारून बघू दे." नानांनी किक मारली. फस्स! कार्बोरेटरने थुंकलं. पुन्हा किक. फस्स!

भागाबाई हात जोडायचं विसरली. ती धुपाकडे बघत होती.

"परत मारा बरं."

"का?"

"मारा तर."

नानांनी मारली. वर जाणारा धूर मधेच वळला आणि सुर्रकन सायलेन्सरच्या नळीत शिरला. किक थांबली, धूर पुन्हा वर. किक मारली, धूर आत.

भागाबाई हसू लागली. पदर लावून नव्हे, मोकळी. "अहो, तुमची गाडी धूप पिते!"

"सणासुदीला थट्टा नको."

"थट्टा कसली? वाकून बघा. सगळ्यांच्या गाड्या मागून धूर सोडतात. तुमची मागून ओढते आणि पुढून थुंकते. माणसाचं असं झालं तर वैद्याकडे नेतात."

नाना वाकले. एका हाताने किक दाबली. धूर नळीत गेला. पुन्हा दाबली. पुन्हा गेला. नाना वाकलेलेच राहिले. जे तोंड बाहेर टाकायचं ते आत घेत होतं, जे आत घ्यायचं ते बाहेर टाकत होतं. फिटर माणूस, इंजिन चुकीच्या बाजूला फिरतंय हे कळायला वेळ लागला नाही. वेळ लागला तो सरळ उभं राहायला.

भागाबाईने ताट उचललं आणि घरात गेली. थोड्या वेळाने नाना स्वयंपाकघराच्या दारात आले. चौकटीला टेकले. सात वर्षांत या चौकटीत ते जेवायला सोडून कशालाच आले नव्हते.

"ऐक."

"ऐकतेय."

"तू मागे एकदा काहीतरी बोलली होतीस."

"मी बरंच बोलते. भिंती ऐकतात."

"त्या चाकाबद्दल."

"कुठलं चाक?" भागाबाई पुरण वाटत होती. वरवंटा थांबला नाही.

"बाहेरचं. म्हणजे तो साहेब जेव्हा... तेव्हा ते चाक... उलटं असावं, असं तू..."

वरवंटा थांबला. "विचारताय की सांगताय?"

नानांनी मागे वळून बघितलं. गल्लीत कुणी नव्हतं.

"विचारतोय."

भागाबाईने हात धुतले, पदराला पुसले, शांतपणे. मग म्हणाली, "मी बारा वर्षांची. बाबांची भाकरी घेऊन फाटकावर जायची. साहेब फाटकातून बाहेर पडला की बाबा मागे फाटक लावेपर्यंत गाडी चालू ठेवून उभा राहायचा. मी त्या फिरत्या चाकावर वरून चिंचोके टाकायची. ते मागे उडायचे, फाटकाशी उभ्या बाबांच्या अंगावर. बाबांनी कान पिळला होता, म्हणून पक्कं लक्षात आहे. सुलटं फिरत असतं तर चिंचोके पुढे गेले असते ना?"

"पण मग गाडी पुढे कशी जाते?"

"रसवंती बघितली नाही का? चरकातले दोन रूळ एकमेकाला लागून फिरतात. एक असा फिरला की दुसरा तसाच फिरतो का?"

नानांनी डोळे मिटले. दात्याला दाता लागला की फिरणं पालटतं, हे ते कारखान्यात नव्या पोरांना तीस वर्षं शिकवत होते.

"अहो," भागाबाई म्हणाली, "ज्याने एवढं मोठं चाक सगळ्या जगाला दिसेल असं बाहेर लावलं, त्याला ते कुठल्या बाजूला फिरतं हे माहीत नसेल का? आणि चाकावर बाणसुद्धा होता कोरलेला."

"बाण? कुठे?"

दोघांनी एकदम पत्र्याच्या खोलीकडे बघितलं. खोलीतून चांदीचे दोन डोळे त्यांच्याकडे बघत होते.

"खरवड ते," नाना म्हणाले.

"मी? मारुतीला बाईमाणसाने हात लावू नये. दर शनिवारी तुम्हीच सांगता."

"अगं, ते फ्लायव्हील आहे!"

"मग काढा की."

नाना छिन्नी घेऊन चाकासमोर बसले. छिन्नी टेकवली, उचलली. पुन्हा टेकवली. "कोप झाला म्हणजे?"

"सात वर्षं सुरू झाली नाही. अजून काय कोप व्हायचा राहिलाय?"

शेवटी भागाबाईनेच कोमट तेल आणून दिलं, नारळ दिला. नानांनी नारळ फोडला, पुटपुटत माफी मागितली, कडेने तेल सोडलं आणि छिन्नीवर हलका हात मारला. पंचवीस वर्षांचं कवच एका तुकड्यात, डोळ्यांसकट, त्यांच्या मांडीवर येऊन पडलं. खाली लोखंड होतं, नवं असावं तसं. आणि लोखंडावर बोटभर लांबीचा बाण.

मागे.

मग भागाबाई गच्चीवर गेली आणि हातात काहीतरी घेऊन आली. फेकून दिलेली ती जुनी दात्यांची चाकी.

"ही कुठे होती?"

"कुरडयांच्या कापडावर. वाऱ्याने उडू नये म्हणून वजन ठेवते. तुमच्याच भंगारातून उचललेली. फार चांगली आहे हो, सात वर्षांत गंजली नाही. इटलीची दिसते."

नाना शेंदराचं कवच टॉवेलात गुंडाळून पांझरेवर गेले आणि कंबरभर पाण्यात उतरून सोडून आले. भेटलेल्याने विचारलं, "नाना, काय हो?" तर म्हणाले, "वजनाचा हिशेब." परत येऊन जळगावी चाक्या काढल्या, जुनी बसवली, मॅग्नेटोचा पॉइंट बाणाच्या दिशेने लावला. दिवेलागणीला काम संपलं.

"मारा किक," भागाबाई दारातून म्हणाली.

"उद्या."

"आज का नाही?"

नाना हात पुसत राहिले. आज नाही झाली तर रात्रभर ते ठाऊक असणार होतं. भागाबाईला ते न सांगता कळलं. ती पुरणपोळी वाढायला गेली.

दसऱ्याला सकाळी गल्लीच्या तोंडाशी मॅटॅडोर थांबली. शेठ उतरले, पांढरंशुभ्र धोतर, जरीची टोपी. मागून पुना मिस्त्री, काळा चष्मा, हातात दोरखंड. गल्लीने ओटे भरले होते.

"चला नाना," शेठ म्हणाले. "मुहूर्त आहे."

नानांनी गाडी बाहेर काढली. किक मारली. काही नाही. पुनाने दोरखंडाची गाठ सोडायला घेतली. नानांनी दारात उभ्या भागाबाईकडे बघितलं. तिने नुसती हनुवटी उडवली, मारा म्हणून.

दुसरी किक.

धप्. धप्. धप्. धप्. उखळात मुसळ पडावं तसा आवाज, एवढ्या सावकाश की मोजून घ्यावा. बाहेरचं चाक फिरायला लागलं, चकचकीत, उलटं. सायलेन्सरमधून निळसर धूर बाहेर आला, बाहेर! शेठनी टोपी काढून पुन्हा घातली. धुरपदाबाई म्हणाल्या, "गिधाड बोललं गं बाई."

पुना मात्र वाकून बघत होता. त्याने चष्मा काढला.

"शेठ, गडबड आहे. चाक उलटं फिरतंय. नाना, किकमध्ये घोळ घातलाय तुम्ही. द्या माझ्याकडे, एका दिवसात सुलटं करून देतो."

नानांनी कानावरची पेन्सिल काढली आणि पुनाच्या छातीवर रोखली. आवाजात सात वर्षांची सगळी मळमळ गोळा झाली.

"अरे लेका, ज्याने एवढं मोठं चाक सगळ्या जगाला दिसेल असं बाहेर लावलं, त्याला ते कुठल्या बाजूला फिरतं हे माहीत नसेल का? बाण कोरलाय त्यावर! रसवंती बघितलीस कधी? दोन रूळ एकाच बाजूला फिरतात? अक्कल नाही आणि निघाले इटलीवाल्याला शिकवायला!"

दारातून भागाबाईच्या नाकाचा आवाज आला. फक्त नाकाचा.

पुनाने दोरखंड पुन्हा गुंडाळला. शेठनी एकदा पुनाकडे, एकदा चाकाकडे बघितलं आणि हात झटकले. "गाडी इथेच राहील. पण नाना, एवढं सगळं ठाऊक होतं तर सात वर्षं काय करत होता?"

"तपासत होतो."

"बसा मागे, शेठ," हे नानांचं लगेच पुढचं वाक्य, कारण दारातून आता नुसतं नाक वाजून भागणार नव्हतं.

शेठ मागे बसले. भागाबाईने दोघांना ओवाळलं, आपट्याची पानं दिली. नानांनी क्लच दाबला, तेवढ्यात तिचं लक्ष खाली गेलं आणि ती गल्लीभर ओरडली,

"शेठजी! धोतराचा सोगा वर घ्या! ते चाक उलटं शे, मागे ओढी लेई!"

गल्ली पुन्हा हसली, अगदी सात वर्षांपूर्वीसारखी, आणि सगळ्यांनी सवयीने नानांच्या तोंडाकडे बघितलं, आता बायकोवर काय टाकतात म्हणून. नानांनी पेन्सिल कानावर खोचली.

"घ्या वर, शेठ," ते पुढे बघत म्हणाले. "तिने डोळ्यांनी बघितलंय."

आणि गिअर टाकला. गाडी पुढे गेली.

"पुलावरून सरळ जा!" मागून भागाबाईचा आवाज आला. "नाहीतर चोपड्याला पोचाल!"